‘माणूस चांगला असेल तर दुसरी किल्ली कशाला?’ या पोस्टला उत्तर

खातेवही (फोंडा)

परवा सांखळेकार यांनी इथे लिहिलं, ‘बँकांतले घोटाळे नियमांनी थांबत नाहीत, माणसांनी थांबतात. माझे वडील मॅनेजर होते तेव्हा शब्दावर शाखा चालायची. आता मेकर-चेकर (एकाने नोंद करायची, दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची), सक्तीची रजा, तिजोरीला दोन किल्ल्या, आणि तरी कोटींचे घोटाळे. हा सगळा प्रामाणिक माणसाचा अपमान आहे.’ खाली लाइकची रांग. दोन दिवस गप्प बसलो, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची अकरा इन्स्पेक्शनमध्ये. म्हणून सविस्तर लिहितो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दक्षिण गोव्यातली एक शाखा, नाव देत नाही. सेव्हिंग्जच्या काउंटरवरचा हेड क्लार्क असा, की सगळ्यांनी त्याचं उदाहरण द्यावं. सहा वर्षांत एक दिवस रजा नाही. चवथीच्या आदल्या दिवशी बाकीच्यांना म्हणायचा, ‘तुम्ही जा, गणपतीवर माटोळी बांधायची असेल, मी बघतो इथलं.’ मग त्याला टायफॉइड झाला. चौथ्या दिवशी एक बाई आली, नवरा जहाजावर, हातात पासबुक. बदलीवरच्या पोराने लेजरचं पान काढलं. पासबुकात एक लाख बारा हजार, लेजरमध्ये नऊ हजार चारशे. पासबुकातल्या नोंदी हेड क्लार्कच्याच वळणदार अक्षरात, शेजारी त्याचीच बारीक सही.

मी ती लेजरं पानापानाने तपासली. पैसे काढलेली सगळी खाती तरवट्यांची, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांची, कुवेत-दुबईला गेलेल्यांची, नाहीतर एकट्या म्हाताऱ्यांची. म्हणजे वर्षा-दोन वर्षांनी एकदा येणाऱ्यांची. ती माणसं येतील तेव्हा काउंटरवर आपणच असायला हवं, म्हणून रजा नाही. आणि संस्कारांचं म्हणाल तर घर चांगलं होतं. भावाच्या ट्रकचे हप्ते थकले, पहिल्यांदा आठशे रुपये उचलले ते परत ठेवायच्या बोलीवर. कोणी विचारलं नाही, म्हणून पुढचे उचलले.

त्याला टायफॉइडने पकडलं. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये जे सुचवलं आणि २०२१ मध्ये आणखी कडकपणे सांगितलं ते हेच: नाजूक जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा, आधी न कळवता, सलग किमान दहा कामाचे दिवस रजेवर पाठवा आणि त्या दिवसांत कामाच्या कागदाला किंवा सिस्टिमला त्याचा हात लागू देऊ नका. यात अपमान कुठे आला? त्या हेड क्लार्कला दुसऱ्या वर्षीच सक्तीने घरी बसवलं असतं, तर चोरी हजारांतच सापडली असती आणि कदाचित त्याचा संसारही वाचला असता. नंतर त्याच्या बायकोला मी शाखेच्या पायरीवर बसलेली पाहिली आहे. ते अजून विसरलो नाही.

सांखळेकार

खातेवही सर, तुमची गोष्ट खरी असेल. पण पंजाब नॅशनल बँकेत काय नव्हतं? स्विफ्टचा, म्हणजे परदेशी बँकांना पाठवायचा, संदेश एकाने तयार करायचा, दुसऱ्याने तपासायचा, सगळं कागदावर होतं. तरी मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेतून वर्षानुवर्षं एलओयू (ग्राहकासाठी बँकेने दिलेली हमीपत्रं) सुटत राहिले आणि आकडा तेरा हजार कोटींच्या वर गेला. नियम होते आणि घोटाळाही झाला. माणूस फुटला की नियम फुटतो, हेच मी म्हणतोय.

विश्वासाचं म्हणाल तर माझ्या आजीच्या पाटल्या बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु या पोर्तुगीज बँकेत गहाण होत्या. गोवामुक्तीच्या तोंडावर, डिसेंबर १९६१ मध्ये, ते सोनं लिस्बनला गेलं. आजी म्हणायची, येईल. १९९१ मध्ये आलं. याला विश्वास म्हणतात.

खातेवही (फोंडा)

आजीने पाटल्या सोडवल्या त्या काय दाखवून?

सांखळेकार

पावती. तीस वर्षं ट्रंकेत जपली होती.

खातेवही (फोंडा)

मग पाटल्या पावतीने आणल्या. आजीचा विश्वास मोठाच, पण लिस्बनमधल्या माणसाला तुमची आजी माहीत नव्हती, त्याच्याकडे नोंद होती.

आणि ब्रॅडी हाउसबद्दल. तिथे नियम फुटले नाहीत, पाळलेच नाहीत. स्विफ्ट बँकेच्या कोअर सिस्टिमला जोडलेलं नव्हतं, त्यामुळे संदेश बाहेर जायचा आणि बँकेच्या पुस्तकात ओळही उमटायची नाही. तोच अधिकारी सुमारे सात वर्षं त्याच खुर्चीत. तो २०१७ मध्ये निवृत्त झाला, जानेवारी २०१८ मध्ये पार्टीची, म्हणजे ग्राहक कंपनीची, माणसं नवा एलओयू मागायला आली, नव्या अधिकाऱ्याने शंभर टक्के मार्जिन, म्हणजे तेवढीच रोख रक्कम तारण म्हणून, मागितलं, तेव्हा ती म्हणाली, ‘आम्हांला आजवर कधी लागलं नाही.’ तिथून धागा सुटला. खुर्चीतला माणूस बदलला आणि घोटाळा बाहेर आला. माझ्या टायफॉइडवाल्या शाखेत वेगळं काय झालं?

मडगावची अधिकारी

दोघांचीही माफी मागून लिहिते, कारण मी आज रात्री पावणेआठला शाखेतून घरी आलेय.

सर, तुमच्या काळी शाखेत चौदा माणसं होती. आमच्याकडे चार. त्यातला एक पणजीला ट्रेनिंगला, एक बाळंतपणाच्या रजेवर. उरलो मी आणि प्रोबेशनवरचा मुलगा. मेकर तो, चेकर मी. गर्दी झाली की तो स्क्रीनकडे बघत ‘मॅडम, अॅप्रूव्ह’ म्हणतो आणि मी दुसऱ्या ग्राहकाशी बोलता बोलता अंगठा टेकवते. दिवसाला दीडशे वेळा. मी त्यातलं किती वाचते, खरं सांगू? मोठ्या रकमा वाचते. बाकी नाही. ही चोरी नाही, पण चोर आला तर त्याला दार उघडंच आहे, हे मला कळतं आणि रात्री झोप लागत नाही.

सक्तीची रजा मलाही मिळाली गेल्या वर्षी. तिसऱ्या दिवशी रीजनल ऑफिसचा फोन, ‘जरा तासभर येऊन जा, ऑडिट रिप्लाय अडकलाय.’ गेले. रेकॉर्डला रजाच आहे.

न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हचं फेब्रुवारी २०२५ मध्ये काय झालं? रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत १२२ कोटींची रोकड कमी निघाली. रोकड! तिजोरीतली, हाताने मोजायची वस्तू. तिथे रोकड तपासल्याच्या सह्या होत्याच की. नियम आणखी वाढवू नका, माणसं द्या.

खातेवही (फोंडा)

मॅडम, यावर माझ्याकडे उत्तर नाही. माणसं द्यायलाच हवीत. फक्त ‘रजेवर असताना आले’ हे लेखी कळवा, ईमेलने. उद्या काही निघालं तर तारखांवरून बोट तुमच्याकडे जाईल, बोलावणाऱ्याकडे नाही.

म्हापसा मार्केट

तुम्ही सगळे मोठ्या बँकांचं बोलता. आमच्या पिग्मीचं, रोज दारावर येऊन गोळा करतात त्या ठेवीचं, कोण बोलणार?

माझं भुसारी दुकान. रोज दोनशे रुपये एका क्रेडिट सोसायटीच्या पिग्मी एजंटकडे, चार वर्षं. हातातल्या मशीनमधून चिठ्ठी काढून द्यायचा. त्या चिठ्ठ्या मी डब्यात टाकायचो, पावसाळा गेला की कोऱ्या, अक्षर उडालेलं. नोव्हेंबरात तो यायचा थांबला. सोसायटीत गेलो तर माझ्या खात्यावर निम्मेसुद्धा नाहीत. म्हणे, ‘मशीनमधला डेटा एवढाच आलाय, एजंट आमचा नोकर नव्हे, कमिशनवर आहे.’ मार्केटात आम्ही एकोणीस जण. पिग्मीवाले सगळे चोर, एवढंच मी शिकलो.

पिग्मीकाराची लेक

तोंड सांभाळून लिहा. माझ्या वडिलांनी अठ्ठावीस वर्षं म्हापशाच्या त्याच मार्केटात पिग्मी गोळा केली. शुक्रवारच्या बाजाराला उन्हात, जुलैच्या पावसात प्लास्टिकच्या पिशवीत वही घालून. शेकडा तीन कमिशन. ना पीएफ, ना रजा. एकदा वाटेत पाकीट पडलं तर आईची साखळी मोडून दुसऱ्या दिवशी दहाच्या आत भरणा केला. तुम्ही एका माणसाने लुबाडलंत म्हणून सगळे चोर?

म्हापसा मार्केट

बाई, मला लुबाडलं, मी कोणाला लुबाडलं नाही. शब्द नीट वाचा आणि लिहा. तुमच्या वडिलांबद्दल मी काही बोललो नाही.

पिग्मीकाराची लेक

‘सगळे’ म्हणालात. त्यात ते आले.

तरवट्याचो पूत

मध्येच बोलतो. खातेवही सर, तुमच्या त्या नियंत्रणाचा मार आमच्यावर येतो. माझा बाप बोटीवर, दोन वर्षं खात्यात व्यवहार नाही, खातं इनऑपरेटिव्ह. सुट्टीत आला तर तीन फेऱ्या. फोटो, आधार, पासपोर्ट, मग ‘साहेब नाहीत’. परत जाताना पैसे काढता आले नाहीत, तिकिटाला मी उसने दिले. चोराला थांबवायचं म्हणून मालकालाच दाराबाहेर उभं करायचं?

खातेवही (फोंडा)

तुमच्या वडिलांचं खातं म्हणजे त्या हेड क्लार्कला हवं होतं तसंच खातं. म्हणून त्यावर दुसरी सही लागते, आणि ती लागलीच पाहिजे. पण तीन फेऱ्या हा नियम नव्हे, तो हलगर्जीपणा. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या सूचनांप्रमाणे केवायसी कुठल्याही शाखेत करता येते, व्हिडिओवरूनही. खातं सुरू करायला पैसे घ्यायचे नाहीत. आणि असं खातं सुरू झाल्यावर किमान सहा महिने वरच्या ऑफिसने त्यावर नजर ठेवायची, तीही शाखेतल्या माणसाला न सांगता. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. आमच्या वेळी असतं तर.

म्हापसेकारांना: तुमची सोसायटी बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, २०२० पासून. क्रेडिट सोसायटीला तो नाही. बँकिंग लोकपालाकडेही जाता येत नाही. सोसायटी ‘एजंट आमचा नोकर नव्हे’ म्हणत असेल तर एकोणीस जण मिळून सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे लेखी तक्रार द्या. उडालेल्या चिठ्ठ्यांसकट, तारीख वाचता येणारी एखादी तरी निघेल.

उपाय अवघड नाही. ऑफिसातल्या, एजंटशी संबंध नसलेल्या माणसाने दर महिन्याला वीस दुकानं निवडून स्वतः जाऊन शिल्लक जुळवायची. आणि दोन वर्षांनी एजंटची लाइन, म्हणजे त्याची ठरलेली दुकानं, बदलायची.

पिग्मीकाराची लेक

लाइन बदलायची म्हणे! अहो, पिग्मी चालते ओळखीवर. दुकानदार बाबांना पैसे द्यायचा कारण वीस वर्षं बघत होता. नवा माणूस आला तर निम्मे बंद करतात. बाबांची लाइन १९९८ मध्ये एकदा बदलली होती, सहा महिने घरात तांदूळ मोजून शिजवला. तुम्ही ऑफिसात बसून लाइनी बदलता.

शिल्लक जुळवायला माणूस पाठवा, त्याला ना नाही. बाबा स्वतःच सांगायचे मॅनेजरला, कोणीतरी माझ्यामागून फिरा. कोणी फिरलं नाही.

म्हापसा मार्केट

हे त्यांनी मागितलं होतं?

पिग्मीकाराची लेक

दोनदा, लेखी. अर्ज घरी आहेत.

म्हापसा मार्केट

मग ‘सगळे’ मागे घेतो. एवढंच मागे घेतो. पैसे कोण देणार ते सांगा.

सांखळेकार

विषय पिग्मीवर गेला, पण मी माझ्या मुद्द्यावरून हललो नव्हतो. एक विचारायचं होतं सर. कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये एकूण ९४ कोटी गेले, त्यातले बहुतेक मालवेअर घालून, अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून. तिथे तुमची दुसरी किल्ली काय करणार होती?

खातेवही (फोंडा)

आणि तुमचे संस्कार काय करणार होते? तिथे कोणी तिजोरी उघडली नाही. खोट्या यंत्रणेने परस्पर ‘पैसे आहेत, द्या’ सांगितलं. अशा वेळी कामाला येतं ते जुळवणीचं काम: एटीएममधून किती गेले आणि आपल्या खात्यांतून किती वजा झाले, हे सतत ताडून बघणं. शनिवार, रविवार, चवथ, सगळे दिवस. पहिला घाव अडवता आला नसता हे कबूल. पण त्या ९४ मधले जवळजवळ चौदा कोटी नंतर सोमवारी त्याच बँकेतून स्विफ्टने हाँगकाँगला गेले. मला ते जास्त लागतं.

मडगावची अधिकारी

सर, आज ईमेल टाकला. रजेच्या तारखांसकट. आणि प्रोबेशनरला सांगितलं की ‘अॅप्रूव्ह’ म्हणून ओरडायचं नाही, व्हाउचर टेबलावर आणून ठेवायचं. काउंटरवर रांग वाढली, दोन ग्राहक भांडले. उद्याही भांडतील.

सांखळेकार

काल रात्री वडिलांना हा धागा वाचून दाखवला. शहाऐंशी वर्षांचे आहेत, कान कमी पण हिशेब पक्का. मी म्हटलं, बाबा, तुमच्या वेळी एकच किल्ली होती ना? ते चिडले. म्हणाले, ‘एकच कशी? दुसरी हेड कॅशियरकडे.’ एकदा कॅशियर संध्याकाळी घाईत आपली किल्ली त्यांच्या टेबलावर विसरून गेला. बाबांनी तिला हात लावला नाही. शिपायाला किल्लीपाशी उभं केलं, दुसऱ्या शिपायाला सायकलवर कॅशियरच्या घरी पाठवलं, आणि तो येईपर्यंत, साडेसात वाजेपर्यंत, बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

मी विचारलं, का? तुमच्यावर कोण संशय घेणार होतं? म्हणाले, ‘सकाळी पाच रुपये कमी निघाले असते तर?’

हे मला आजवर माहीत नव्हतं. किल्लीचा मुद्दा सोडतो. चार माणसांत शाखा चालवणाऱ्यांचा सोडत नाही.

म्हापसा मार्केट

निबंधकांचं ऑफिस पणजीला नक्की कुठे, कोणी सांगेल का? सोमवारी आम्ही अकरा जण जातोय. आणि पिग्मीकाराच्या लेकीने त्या दोन अर्जांच्या झेरॉक्स दिल्या तर सोबत जोडू.

पिग्मीकाराची लेक

रविवारी दुकानात आणून देते.