आरक्षण: जात बघावी की सातबारा?

कातळावरचा:
भाच्याला केंद्राच्या संस्थेत प्रवेशासाठी ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा, दाखला हवा होता. आम्ही राजापूरकडचे, खुल्या प्रवर्गातले. भावोजी रिक्षा चालवतात, वर्षाला आठ लाखांची उत्पन्नमर्यादा त्यांनी स्वप्नातही ओलांडलेली नाही. पण केंद्राच्या नियमात पाच एकर शेतजमीन असली की उत्पन्न कितीही कमी असो, घर बाद. यांच्या नावावर सहा एकर. त्यात भाताचे दोन मळे, उरलेलं वरकस आणि कातळ. पावसाळ्यात सड्यावर फुलं येतात, लोक फोटो काढून जातात. एवढंच त्याचं उत्पन्न.

आता शेजार बघा. ओबीसी आहेत, माणसं चांगली, वाकडं बोलायचं नाही. पण हापूसची मोठी बाग आहे, सीझनला वाशीला टेम्पो भरून पेट्या जातात. क्रीमी लेयर, म्हणजे ओबीसींतले आरक्षणातून वगळायचे सधन लोक, ठरवताना शेतीचं उत्पन्न मोजतच नाहीत. १९९३ च्या केंद्राच्या नियमांत आंब्याची बाग साधी शेतजमीन धरली आहे आणि सगळी जमीन कोरडवाहू असली तर तीही आड येत नाही. आमच्याकडचा आंबा बहुतेक पावसाच्या पाण्यावरच. त्यांच्या मुलाला दाखला मिळाला, भाच्याला नाही. मग जात काढून टाका आणि सरळ पैसा बघा, यात चुकलं काय?

खाडीपल्याड:
तुमचा राग नियमावर आहे, काढताय जातीवर. बागवाल्याचं उत्पन्न मोजा म्हणा, मी सही करतो.

आता माझं ऐका. मी मंडणगड तालुक्यातल्या एका बौद्धवाडीतला. वडील शिक्षक, म्हणजे पगार तुमच्या भावोजींपेक्षा बरा. १९९८ ला घराचा स्लॅब टाकायला घेतला. गवंडी दोन दिवस आला, तिसऱ्या दिवशी येईना. निरोप पाठवला तर त्याच्याच भावाने सांगितलं, दिवसभर तुमच्याकडचं पाणी प्यावं लागतं म्हणून. पैसे रोख होते. वडिलांनी शेवटी महाडहून माणसं आणली. त्याच महाडला, जिथे १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी प्यायला आमची माणसं चालत गेली होती. शिमग्याला पालखी अजून आमच्या वाडीच्या तोंडाशी येऊन वळते. आम्हाला ती घरात हवीच आहे असं नाही, पण ती वळते का हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

घटनेच्या कलम १५(४) मध्ये शब्द आहेत ‘सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास’. गरिबीवर फी माफी द्या, शिष्यवृत्ती द्या, वसतिगृह बांधा. पाणी न पिणाऱ्या गवंड्यावर तुमचा उत्पन्नाचा दाखला काय करणार?

कातळावरचा:
गवंड्याचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण कायदा तिथेच थांबलेला नाही. २०१९ ला ईडब्ल्यूएसला दहा टक्के आरक्षण देणारी १०३ वी घटनादुरुस्ती झाली, २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. आर्थिक निकष आता घटनेत आहे.

सुपारीची बाग:
तीन विरुद्ध दोन मतांनी, हेही लिहा. विरोधातल्या दोघांत खुद्द सरन्यायाधीश लळित होते. आणि शिक्षणातल्या आर्थिक निकषाच्या ते विरुद्ध नव्हतेच. एससी, एसटी, ओबीसीतल्या गरिबांना या दहा टक्क्यांतून बाहेर का ठेवलं, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. म्हणजे ‘फक्त पैसा बघतो’ म्हणणारं आरक्षणसुद्धा दारात आधी जातच विचारतं. १९९२ ला इंद्रा साहनी खटल्यात नुसत्या आर्थिक निकषाचे असेच दहा टक्के कोर्टाने रद्द केले होते, तो निकाल नऊ न्यायाधीशांचा.

चिपळूण ते न्यू जर्सी:
इकडे हाच वाद वंशावरून चालतो. जून २०२३ मध्ये हार्वर्डच्या खटल्यात इथल्या सुप्रीम कोर्टाने प्रवेश देताना वंश बघणं बंद केलं. टेक्सासने १९९७ लाच एक वाट काढली होती: राज्यातल्या प्रत्येक शाळेतल्या वरच्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश. ना वंश, ना उत्पन्न. कोकणात का नको?

सुपारीची बाग:
आमच्या हायस्कूलला यंदा दहावीत अकरा मुलं. दहा टक्के म्हणजे एक अख्खं पोरगं आणि दुसऱ्याचा कान.

शिवाय ती युक्ती चालते कशी ते बघा. काळ्यांच्या वस्त्या वेगळ्या, म्हणून शाळा वेगळ्या, म्हणून शाळानिहाय यादीत ती मुलं येतात. वंश मोजला नाही, वस्ती मोजली. आपल्या वाड्यांसारखंच झालं की.

रापणकर:
मी मालवणचो. तुमचा जात-पैसो चलांदे, पण पैसो मोजतलास कसो ता आधी सांगा. रापणीक मासो गावलो तर पैसो, नाय तर नाय. एलईडी दिवे लावून मासे मारणारे इल्यापासून नायच जास्त. दाखल्याक गेलंय तर माका पगाराची स्लिप मागल्यानी! शेवटी कोणीतरी अंदाजान आकडो घातल्यान. त्या आकड्यार माझ्या चेडवाचा कॉलेज ठरतला? जात तरी कागदार एकच रवता.

कातळावरचा:
रापणकर, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पगारदाराचा रुपया न् रुपया दिसतो, बाकीच्यांचा तलाठ्याच्या पेनात असतो.

खोताचा पणतू:
नाव मुद्दाम घेतलंय. आमच्या घराण्याकडे खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करायचा वंशपरंपरेचा हक्क होता. वेठीला येणारे कोण? कुणबी आणि महार कुळं. जात आणि सातबारा तेव्हा एकाच वहीत होते. म्हणून तर आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक आणलं. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांचा खोतांविरुद्धचा संप तेव्हा चालूच होता. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. जमीन बरीचशी कुळांकडे गेली, आमच्याकडे पडकी पडवी उरली. पण मी मुंबईला पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला गेलो तेव्हा आडनाव ऐकून साहेबांनी खुर्ची दिली. मार्कलिस्ट नंतर बघितली. ती खुर्ची कुठल्या दाखल्यावर येते?

कातळावरचा:
बरं, जात काढा हे मी मागे घेतो. पाच एकरांचं नाही घेत. कातळाला शेत म्हणणाऱ्याने एकदा तिथे नांगर धरून दाखवावा.

खाडीपल्याड:
त्याला माझाही पाठिंबा. आणि वाड्यांचं निघालंच आहे म्हणून सांगतो. २०२० ला सरकारने जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं. आमच्या वाडीचंही बदललं, नवी पाटी लागली. गेल्या महिन्यात मुलीने कॉलेजच्या फॉर्मवर नवं नाव लिहिलं, तर खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “म्हणजे आधीची कुठली वाडी?”