विषय: उत्तर: उत्तर: अंकाच्या डेस्कटॉपला मॉनिटर – शनिवारच्या आत हवा

प्रेषक: अनघा (दिवाळी अंक)

मंडळी,

शेवटी तो गेला. काल रात्री कथा विभागाची पानं लावत होते, तर स्क्रीन आधी गुलाबी झाली आणि मग काळी ठिक्कर. टॉर्च मारला की आत पान अंधुक दिसतं, म्हणजे बॅकलाइटच (पडद्यामागचा दिवा) गेलाय. कृपया दुरुस्ती सुचवू नका. कपॅसिटर एकदा बदलून झालेत, कोणी बदलले ते सगळ्यांना माहीत आहे.

प्रसादने मंडळाच्या खात्यातून टॅक्स धरून २५० डॉलर मंजूर केलेत. मला अक्षर स्वच्छ हवं, आणि स्टँड वरखाली झाला पाहिजे, कारण या खुर्चीवर मी आणि माई आळीपाळीने बसतो. बाकी काही नको. गणपतीच्या आधी सगळी प्रुफं माईंकडे गेली नाहीत तर अंक दिवाळीनंतर निघेल.

या धाग्यात पार्किंगचा विषय कोणी काढू नये.

---

प्रेषक: शिरीष (ध्वनी व मंच)

कॉस्टकोत ३२ इंची वक्र मॉनिटर लागलाय. १४४० रेझोल्यूशन, १६५ हर्ट्झ, बजेटात बसतो. मी मुलासाठी घेतला, झकास आहे. सांगा, उद्या मिलपिटासला जाणारच आहे, उचलतो.

---

प्रेषक: निखिल

शिरीषदादा, थांबा, उचलू नका.

आत्ता गेलेला मॉनिटर २२ इंची, १६८० बाय १०५० होता. म्हणजे इंचाला साधारण ९० पिक्सेल (चित्राचे ठिपके; इंचाला जितके जास्त तितकं अक्षर स्वच्छ). ३२ इंचावर २५६० बाय १४४० पसरले की इंचाला ९२. पडदा मोठा होईल, अक्षर जसंच्या तसं. आणि दुकानात सगळ्यात स्वस्त दिसतो तो २७ इंची फुल एचडी (१९२० बाय १०८०). त्यात तर ८२ वर येतो. तो कोणी भेट दिला तरी घेऊ नका.

इंग्रजीला एवढं जाणवत नाही. आपल्या लिपीत १० पॉइंटला रेघेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार एवढं सगळं मावायचं असतं. कमी पिक्सेलमध्ये 'र्मं'चा रफार आणि टिंब एकमेकांत विरघळतात.

माझं मत: २७ इंची फोरके (३८४० बाय २१६०), आयपीएस पॅनेल (बाजूनेही नीट दिसणारा पडदा). इंचाला १६३ पिक्सेल. सेल लागला की अडीचशेच्या आसपास येतात.

---

प्रेषक: तात्या

अनघा, निखिल, सर्वांना नमस्कार.

तुम्ही लोक नशीबवान. अंकाचा पहिला मॉनिटर मी सनीव्हेलच्या फ्राईज या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आणला होता, २१ इंची ट्रिनिट्रॉन, जुन्या पिक्चर ट्यूबचा डब्बा. दोघांनी मिळून उचलावा लागला होता आणि तरी गॅरेजच्या पायरीवर टेकवावा लागला. त्या ट्रिनिट्रॉनच्या पडद्यावर दोन बारीक आडव्या रेघा दिसत. आतल्या जाळीला थोपवून धरणाऱ्या तारांची ती सावली. त्या वर्षी एका लेखकाने विचारलं होतं, माझ्याच लेखात शब्दांखाली रेघ का मारलीय म्हणून!

आता फ्राईज २०२१ मध्येच बंद झालं, जुन्या सामानाचं वीअर्ड स्टफ त्याच्याही आधी. पण २०२५ मध्ये सँटा क्लारात मायक्रो सेंटर हे कॉम्प्युटरचं दुकान परत उघडलंय. तिथे जाऊन डोळ्यांनी पाहून घ्या. ऑनलाइन घेऊ नये असं माझं ठाम मत.

---

प्रेषक: अनघा (दिवाळी अंक)

निखिल, फोरके नको. कारण सांगते.

पान जुळणीचं आपलं सॉफ्टवेअर जुनं आहे, मागे डोंगल (परवान्याची किल्ली) खुपसल्याशिवाय उघडतही नाही. विंडोजचं स्केलिंग (अक्षरं-बटणं टक्क्यांनी मोठी करणं) म्हणजे काय ते त्याच्या गावी नाही. गेल्या वर्षी तुझ्या घरच्या फोरकेवर लावून पाहिलं होतं ना? १०० टक्क्यांवर ठेवलं तर टूलबारची बटणं मुंगीएवढी. १५० केलं तर विंडोज ते अख्खं चित्र ताणतं आणि सगळं पान फुसकट, धूसर दिसतं. म्हणजे जास्त पिक्सेलचे पैसे भरून अक्षर होतं त्याहून वाईट.

शिरीष, वक्र नकोच. दोन स्तंभांमधली उभी रेघ सरळ आहे की वाकडी हे मला दिसायला हवं.

---

प्रेषक: निखिल

ताई, त्या सॉफ्टवेअरच्या एक्झे फाइलवर राइट क्लिक करून कम्पॅटिबिलिटीमध्ये हाय डीपीआयची सेटिंग असते. तिथे 'सिस्टम एनहान्स्ड' निवडून बघितलंत का? मेनूची अक्षरं तरी सुधारतात.

---

प्रेषक: अनघा (दिवाळी अंक)

बघितलं. मेनू सुधारले, पान फुसकटच राहिलं. मी मेनू छापत नाही.

---

प्रेषक: प्रसाद (खजिनदार)

एक प्रश्न. स्टोरेज युनिटमध्ये मंडळाचा ३२ इंची टीव्ही पडून आहे. वर्ल्ड कपला घेतला होता. त्याला एचडीएमआय आहे. तोच लावला तर २५० डॉलर वाचतात, आणि गणपतीच्या हॉलचं डिपॉझिट या वर्षी वाढलंय हे मी मीटिंगमध्ये सांगितलंच होतं.

---

प्रेषक: शिरीष (ध्वनी व मंच)

तो टीव्ही मंचाच्या सामानात आहे. कार्यक्रमात विंगेत घड्याळ आणि पुढच्या आयटमचं नाव त्यावरच दाखवतो. मला न विचारता कोणी हलवू नये. गेल्या वर्षी एक्स्टेन्शन बोर्ड असाच 'दोन दिवसांसाठी' गेला, तो अजून फ्रीमाँटला आहे.

---

प्रेषक: निखिल

शिरीषदादांचा टीव्ही त्यांच्याकडेच राहू दे, तो या कामाचा नाहीच. मी त्याच्या मागचं लेबल वाचलंय, १३६६ बाय ७६८. ३२ इंचावर तेवढे म्हणजे इंचाला ४९ पिक्सेल. शिवाय बरेच टीव्ही कॉम्प्युटरचं चित्र घेताना रंगाची माहिती कमी करतात, पिक्चर मोड बदलला नाही तर लाल अक्षराच्या कडा विस्कटतात. माई प्रुफात खुणा लालने करतात.

आणि प्रसाद, अंकाच्या डेस्कटॉपला एचडीएमआय नाहीच. मागे दोन डिस्प्लेपोर्ट (नवी, डिजिटल जोडणी) आणि एक व्हीजीए (जुनी, अ‍ॅनालॉग). आतापर्यंत आपण व्हीजीएवरच चाललो होतो, म्हणून चित्र थोडं थरथरायचं.

---

प्रेषक: माई

सर्वांस,

मला इंच आणि हर्ट्झ यातलं कळत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून पांढरा पडदा फार बोचतो एवढं कळतं. अनघाच्या गॅरेजला पश्चिमेची खिडकी आहे, दुपारी चारनंतर चकचकीत काचेचा पडदा असला तर मला त्यात माझाच चेहरा दिसेल, प्रूफ नाही. तेव्हा मॅट घ्या.

दुसरं, अंकाच्या शेवटच्या रात्री तिघं-चौघं त्या एका पडद्याभोवती असतात. मागच्या मॉनिटरवर मी बाजूला बसले की करडी अक्षरं उडायची आणि मला मान तिरकी करावी लागायची. बाजूनेही नीट दिसेल असा घ्या.

तपासायचं असेल तर दुकानात जाऊन एवढे शब्द टाईप करा: उद्ध्वस्त, तज्ज्ञ, कर्मेंद्रियं, र्‍हस्व, पुनर्रचना. हे लांबून वाचता आले तर पास.

तात्या, त्या लेखकाला मी उत्तर दिलं होतं, तुम्ही नव्हे.

---

प्रेषक: तात्या

माई, उत्तर तुम्ही दिलंत, फोन मी केला होता. असो.

---

प्रेषक: ऋजुता, सॅन होजे

मी इथे फारसं लिहीत नाही, पण छपाईत काम करते म्हणून.

माईंनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टींसाठी आयपीएस आणि मॅट हेच उत्तर आहे. व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलचा काळा रंग जास्त गडद असतो. कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) ३००० ला १ वगैरे, साध्या आयपीएसचा १००० च्या आसपास. पण व्हीएकडे बाजूने पाहिलं की छटा धुवून निघतात. सिनेमाला व्हीए चालेल, प्रुफाला नाही. खोक्यावर 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट'चे लाख-कोटी छापलेले असतील, ते वाचूही नका. एक मिलिसेकंदाचा रिस्पॉन्स, एचडीआर, याही गोष्टी तुमच्या कामाच्या नाहीत. एसआरजीबी (रंगांचा प्रमाणित पट्टा) ९९ टक्के लिहिलंय का तेवढं बघा.

एक विचारू का? गेल्या वर्षी मुखपृष्ठ काळपट आलं होतं, त्यातली पैठणी जांभळ्याची जवळजवळ काळी झाली होती. तेव्हा मॉनिटरचा ब्राइटनेस किती होता?

---

प्रेषक: अनघा (दिवाळी अंक)

शंभर. बॅकलाइट मरायला लागला होता म्हणून शंभरवर ठेवला होता. पण मुखपृष्ठाचं खापर प्रेसवर फुटलंय आणि त्या विषयावर मंडळाने एक मीटिंग घालवली आहे, परत नको.

---

प्रेषक: ऋजुता, सॅन होजे

प्रेसची बाजू घेत नाही. पण पडदा खूप उजळ असला की आपण चित्र पडद्यावर बरं दिसेल इतकं गडद करून पाठवतो आणि कागदावर ते काळं उतरतं. छपाईच्या कामाला साधारण १०० ते १२० निट (पडद्याच्या उजेडाचं माप) पुरतात. नवे मॉनिटर २५० ते ३५० निटपर्यंत जातात आणि खोक्यातून बरेच उजळ निघतात. आणल्या आणल्या ब्राइटनेस निम्म्याच्या खाली आणा. पांढरा कागद शेजारी धरा, पडद्याचा पांढरा त्याच्याइतका दिसला की थांबा. माईंच्या डोळ्यांनाही बरं.

---

प्रेषक: विवेक (वेबसाइट)

मुळात छापील अंक लागतो कशाला? बहुतेक सगळे पीडीएफ फोनवर वाचतात. आणि मॉनिटर घेऊन त्या डबड्याला जोडणार? ते इंटेलच्या जुन्या हॅसवेल चिपचं मशीन, विंडोज ११ त्यावर बसत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवा मिनी पीसी घ्या, पानं लावायला इनडिझाइन घ्या, युनिकोड फाँटमध्ये या. मी दर एजीएमला हेच सांगतो.

---

प्रेषक: अनघा (दिवाळी अंक)

विवेक, ते मशीन नेटला जोडलेलं नाही, पेनड्राइव्हवर चालतं. जुने सगळे अंक जुन्या फाँटमध्ये आहेत, युनिकोडमध्ये आणायचे तर प्रत्येक जोडाक्षर तपासायला माणूस लागेल. तू बसणार असशील तर माईंशेजारी खुर्ची रिकामी आहे. छापील अंकाच्या जाहिरातींवर वेबसाइटचं होस्टिंग चालतं हे प्रसादला विचार.

---

प्रेषक: प्रसाद (खजिनदार)

चालतं.

---

प्रेषक: निखिल

परत मॉनिटरकडे येतो. फोरके बाद. मग दोनच पर्याय उरतात, दोन्ही १०० टक्के स्केलिंगवर चालणारे.

पहिला, २७ इंची १४४०. इंचाला १०९ पिक्सेल, अक्षर मस्त, पण बटणं जुन्यापेक्षा थोडी लहान होतात. माईंना जड जाईल असं वाटतं. यात वरखाली होणारा स्टँड बघून घ्यावा लागतो, स्वस्तातले बहुतेक फक्त मागेपुढे कलतात.

दुसरा, २४ इंची पण १६ ला १० आकाराचा, १९२० बाय १२००. डेलचा पी २४२५ तसा आहे: आयपीएस, मॅट, स्टँड वरखाली होतो, आडवा-उभाही फिरतो, डिस्प्लेपोर्ट आहे. याच्या नावापुढे 'एच' लागलेला आला तर तो साधा १९२० बाय १०८०, तो घेऊ नये. पिक्सेल इंचाला ९४, म्हणजे अक्षर जुन्यापेक्षा किंचितच बारीक. पण व्हीजीएऐवजी डिस्प्लेपोर्टवर गेल्यामुळे थरथर जाईल, तोच फरक सगळ्यात जास्त दिसेल.

मी पट्टीने मोजलं नाही, गणित केलं: याची उंची ३२ सेंटिमीटरच्या वर येते. आपला अंक लेटर साइझचा, पान २७.९ सेंटिमीटर. म्हणजे खऱ्या मापाचं पूर्ण पान, वर टूलबार धरून, एका नजरेत बसतं. रुंदी ५१ च्या वर, त्यात समोरासमोरची दोन पानंही मावतात. साध्या २४ इंचीची उंची ३० सेंटिमीटरसुद्धा भरत नाही, टूलबार आला की पानाचा पाय कापला जातो.

---

प्रेषक: अनघा (दिवाळी अंक)

हाच. तळटीप बघायला दर वेळी स्क्रोल करायचं नाही एवढ्यावर माझं मत पक्कं. माई?

---

प्रेषक: माई

बटणं लहान होणार नसतील तर हाच.

---

प्रेषक: शिरीष (ध्वनी व मंच)

२४ इंचीला दोनशे? तेवढ्यात ३२ येतो. माझं सांगायचं काम केलं.

---

प्रेषक: तात्या

निखिल, नवा कशाला? इथल्या ऑफिसांमधून लीज संपलेले असलेच पी मालिकेतले मॉनिटर ढिगाने निघतात, निम्म्याहून कमी भावात.

---

प्रेषक: निखिल

तात्या, निघतात, आणि वेळ असता तर तेच घेतले असते. पण एकेका मॉनिटरचे किती तास झालेत, कोपऱ्यात पिवळट झालाय का, हे लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. शिवाय नव्यावर ३ वर्षं वॉरंटी आहे आणि पडद्यावर एक जरी पिक्सेल सतत पेटलेला राहिला तरी डेल बदलून देतं. अंकाच्या मधोमध मला दुसरं हार्डवेअर नको.

---

प्रेषक: प्रसाद (खजिनदार)

घ्या. फक्त दोनशेच्या मॉनिटरवर सेल्स टॅक्स ९ टक्क्यांच्या वर जातो आणि कॅलिफोर्नियाची ई-वेस्ट फी वेगळी लागते, ती धरून २५० च्या आत ठेवा. पावती मंडळाच्या नावाने. क्रेडिट कार्डचा पॉइंट कोणाला मिळाला यावर नंतर मेल नकोत.

जुना मॉनिटर कचऱ्यात टाकू नका, ई-वेस्टच्या ठिकाणी फुकट घेतात. ही फी त्यासाठीच भरतो आपण.

---

प्रेषक: निखिल

मायक्रो सेंटरला शुक्रवारी संध्याकाळी जातोय. तिथे हा नसला तर डेलच्या साइटवरून मागवतो. तात्या, येताय का? डिस्प्लेपोर्टची केबल बहुधा खोक्यात असते, तरी कोणाकडे जास्तीची असेल तर आणून ठेवा.

---

प्रेषक: शिरीष (ध्वनी व मंच)

केबल माझ्याकडे आहे, प्रोजेक्टरच्या पेटीत. सही करून घेऊन जा.

---

प्रेषक: तात्या

येतो. पण पार्किंगचं काय? शुक्रवारी संध्याकाळी तिथे

---

प्रेषक: अनघा (दिवाळी अंक)

तात्या, नाही.