सीपॅप घेताना तुम्ही काय पाहिलंत?

गेल्या आठवड्यात नवऱ्याच्या स्लीप स्टडीचा रिपोर्ट आला. एएचआय ३८. म्हणजे झोपेत तासाला सरासरी ३८ वेळा श्वास थांबतो किंवा तोकडा पडतो. ३० च्या वर गेलं की हा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, तीव्र. इतकी वर्षं मी त्याला कोपराने ढोसून कुशीवर वळवत होते आणि 'दमून आलाय, घोरू दे' अशी स्वतःची समजूत घालत होते. डॉक्टरांनी ऑटो सीपॅप लिहून दिलंय, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं आणि तो दाब आपोआप कमी-जास्त करणारं मशीन. पेठेतल्या एका दुकानात गेलो, तर दुकानदाराने तीन मशीनं टेबलावर मांडली आणि म्हणाला, "आज घेतलंत तर मास्क फुकट." फुकट म्हटल्यावर मी घाबरून घरी आले. ज्यांच्या घरी हे रोज रात्री चालतं त्यांनी लिहा ना. काय घेतलंत, काय चुकलं?

वारजे

ताई, घाबरलात ते बरं केलंत. त्या फुकट मास्कने माझे चार महिने खाल्ले.

सगळे मशीनचं विचारतात. मशीन उशाशी गप्प पडून असतं हो, झोपायचं असतं मास्क लावून. मी दुकानात खुर्चीत ताठ बसून नाकाचा मास्क लावून पाहिला, छान बसला. घरी कुशीवर वळलो की गाल उशीवर दाबला जायचा, मास्क सरकायचा आणि हवा थेट डोळ्यात. सकाळी डोळे लाल. त्यातून मला तोंड उघडं टाकून झोपायची सवय. नाकातून आत गेलेली हवा तोंडातून बाहेर, घसा कोरडा ठणठणीत. बायको म्हणाली, "आधी घोरायचात, आता शिट्टी वाजवता." हनुवटीला पट्टा बांधून पाहिला, दोन रात्रींत काढला. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकाचा पडदा वाकडा असल्याचं सांगितलं. नाक चोंदलेलंच, तर तोंड उघडणारच. मग नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस घेतला, तर तो मिशीवर नीट टेकेना. तीस वर्षांची मिशी होती. गेली.

तेव्हा मास्क पाहायचा तो आडवं पडून, मशीन चालू करून, आपल्याला लागणाऱ्या दाबावर, दोन्ही कुशींवर वळून. दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान. मशीन आधी महिनाभर भाड्याने घ्या. माझ्या दुसऱ्या दुकानदाराने भाडं नंतर किमतीतून वळतं केलं. हे बोलणं मात्र आधीच पावतीवर लिहून घ्यायचं.

औंध

वरच्या काकांच्या मास्कपुराणाला अनुमोदन. भर एवढीच, की मशीन नुसते वापराचे तास दाखवतं की मास्कमधली हवेची गळती आणि मशीन लावूनही उरलेला एएचआयसुद्धा दाखवतं, ते विचारा. मशीनच्या मोबाइल अ‍ॅपवरचं हसरं तोंड पाहून मी खूश होतो. मशीनच्या मेमरी कार्डावरची नोंद डॉक्टरांनी उघडली तेव्हा कळलं की उरलेला एएचआय १४ आहे. तो ५ च्या खाली यायला हवा. विक्रेत्याने दाब ४ ते २० असा सताड उघडा ठेवून दिला होता. ४ वर मला पिशवीत तोंड घातल्यासारखं व्हायचं, म्हणून मी मास्क ओढून काढायचो. डॉक्टरांनी ७ ते १३ केलं, आठवड्यात फरक. आकडे स्वतः फिरवत बसू नका, पण विचारायला लाजूही नका.

खडकी

निवृत्त केंद्रीय कर्मचारी. सीजीएचएसवाल्यांनी (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) आधी परवानगी काढावी, मग खरेदी. उलट क्रमाने गेलात तर फाईल घेऊन फिराल. मी फिरलो. मुलाच्या मेडिक्लेममध्ये घरी वापरायचं सीपॅप सरळ वगळलेलं आहे, तेही वाचून घ्या.

धायरी

आईसाठी घेतलं, वय ६८. दुकानात कुणाच्या डोक्यात न येणारी अडचण म्हणजे अंबाडा. मास्कचा मागचा पट्टा नेमका अंबाड्यावर यायचा आणि रात्रीतून वर चढायचा. आता ती झोपताना सैल वेणी घालते. "या वयात शाळेतल्यासारखी वेणी!" म्हणून रोज कुरकुरते, पण घालते.

ह्युमिडिफायर, म्हणजे हवा गरम-दमट करणारी पाण्याची टाकी, घ्याच, आणि त्यात डिस्टिल्ड वॉटर. आमच्याकडे बोअरचं पाणी, चार दिवसांत टाकीच्या तळाला पांढरा थर धरला. डिसेंबरात वेगळीच गंमत: गरम दमट हवा थंड नळीत शिरली की पाणी सुटतं, आणि पहाटे नाकात थेंब. मी जुन्या सुती साडीची खोळ शिवून नळीवर चढवली आणि मशीन उशीपेक्षा खाली, स्टुलावर ठेवलं. पाणी सुटलंच तर मागे टाकीत उतरतं. गरम होणारी नळी वेगळी मिळते, पण साडी घरातच होती.

हडपसर

सेकंड हँड घेत असाल तर किती तास चाललंय ते मशीनच्या मेनूत बघा आणि मॉडेल नंबर तपासा. २०२१ साली एका मोठ्या कंपनीने आतला फोम झिजून त्याचे कण हवेत येऊ शकतात म्हणून लाखो मशीनं परत बोलावली होती. मास्क, नळी आणि फिल्टर तर नवेच हवेत, दुसऱ्याच्या नाकावरचं काय घ्यायचं!

लाईट गेल्यावर इन्व्हर्टर पुरेल का, हा पुढचा प्रश्न येणारच. खरी वीज खातो तो ह्युमिडिफायरचा हीटर. तो बंद केला की मशीनला फार लागत नाही.

नारायण पेठ

दुपारच्या वामकुक्षीलाही मास्क लावायचा बरं का. श्वास काही घड्याळ बघून थांबत नाही. मी वर्षभर फक्त रात्री लावत होतो आणि चार वाजता डोकं का जड होतं म्हणून चहाला दोष देत होतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. परवा दुसऱ्या दुकानात नवऱ्याला चक्क आडवा केला. तीन मास्क पाहिले. मोठा डोळ्याकडून गळत होता, मध्यम बसला. मशीन महिनाभर भाड्याने, आणि वळतं करायचं पावतीवर लिहून घेतलंय. काल पहिली रात्र. आज कार्डावर सव्वाचार तासांची नोंद आहे, पुढे गळतीच गळती. सकाळी मास्क पलंगाखाली सापडला, मशीन आपलं चालूच, तिथल्या धुळीला इमानेइतबारे हवा देत.