दोन टेबलांची प्रत्येक ओळ प्रत्येक ओळीशी: सरळ क्रॉस जॉईन करावा की टेबल बांधूच नये?

तासगावकर
आठवडाभर ऑफिसात यावरून वाद चाललाय, म्हणून इथे मांडतो. तासगाव, पलूस, मिरज भागातल्या द्राक्षबागांच्या नोंदींवर मी आर या संगणकी भाषेत काम करतो. एका टेबलात ४२,००० प्लॉट आहेत, दुसऱ्यात पावसाची ९० केंद्रं. ऑक्टोबर छाटणीनंतर कुठे किती पाऊस झाला यावरून डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा धोका काढायचा आहे, त्यासाठी प्रत्येक प्लॉटला जवळचं केंद्र हवं. दोन्ही टेबलांत सामाईक रकाना नाही. म्हणजे प्रत्येक प्लॉट प्रत्येक केंद्राशी लावून अंतर मोजायचं.

मी आरच्या डीप्लायर पॅकेजमधला क्रॉस जॉईन वापरला. ३७ लाख ८० हजार ओळी झाल्या. दशांश आकड्याला ८ बाइट, म्हणजे एका रकान्याला साधारण ३० एमबी. साध्या लॅपटॉपवर आरामात बसतं. सहकारी म्हणतात की हे अडाणी काम आहे, मॅट्रिक्स (नुसत्या आकड्यांचा आडवा-उभा तक्ता) वापर. माझं म्हणणं, आधी दोन्ही टेबलांच्या ओळींचा गुणाकार करा. तो मेमरीत मावत असेल तर सरळ क्रॉस जॉईन लिहा. सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी कोड उघडला तरी त्या एका शब्दावरून त्याला कळतं की ही सगळ्यांशी सगळ्यांची जोडी मुद्दाम लावली आहे.

कृष्णाकाठ
तासगावकर, मावतं म्हणून बांधायचं, हे मला पटत नाही. प्लॉटचं नाव, गाव, वाण, छाटणीची तारीख हे सगळं तुम्ही प्रत्येकी ९० वेळा लिहून ठेवताय. तुम्हाला हवंय फक्त अंतर. प्रत्येक जोडीवर तेच गणित करणाऱ्या आउटर फंक्शनला अक्षांश-रेखांश द्या, ४२,००० बाय ९० ची एक मॅट्रिक्स मिळेल, तेवढेच ३० एमबी. प्रत्येक ओळीतला सगळ्यात लहान आकडा कुठे आहे ते पाहा, त्या क्रमांकाचं केंद्र प्लॉटच्या टेबलाला चिकटवा. टेबल ४२,००० ओळींचंच राहतं, फुगत नाही.

आणि 'आधी लिहू, मग वेगवान करू' असं म्हणणाऱ्यांचा कोड पुढच्या हंगामात तसाच चालू असतो, हे मी पाहिलंय. तोवर केंद्रं वाढलेली असतात.

माणदेशी
ताई, तुमचं गणित बरोबर हाय, पण जवळचं केंद्र म्हणजेच योग्य केंद्र, हे आमच्या सातारा जिल्ह्यात चालत नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमीच्या वर पाऊस, आमच्या माण तालुक्यात ५०० च्या आसपास. महाबळेश्वर आणि दहिवडीत सरळ रेषेत १०० किमीसुद्धा नाहीत. डोंगराच्या धारेपलीकडचं केंद्र किमीत जवळ दिसतं, पाऊस मात्र वेगळाच. म्हणून मला अंतर, उंचीतला फरक, केंद्र धारेच्या कुठल्या बाजूला, हे तिन्ही प्रत्येक जोडीसाठी लागतं. एखादा शेतकरी विचारतो, "माझ्या बागेला अमुक केंद्राचाच पाऊस का धरला?" तेव्हा मी टेबलातून त्या प्लॉटच्या ओळी गाळून त्याच्यासमोर ठेवतो. तीन मॅट्रिक्समध्ये बोट फिरवून त्याला काय दाखवू? माझं मत तासगावकरांच्या बाजूनं.

विट्याचा
वादात पडत नाही, पण क्रॉस जॉईनच्या नावाखाली लोक काय वापरतात ते बघा. मी स्वतः टायडीआर पॅकेजचं क्रॉसिंग वापरलं होतं. ते आधी एकसारख्या ओळी काढून टाकतं आणि क्रमही लावतं. माझ्याकडे एकाच गट नंबरात एकाच वाणाचे दोन प्लॉट होते, वेगळा क्रमांक टाकलेला नव्हता. दोन्हींचा एक झाला, कसली सूचना नाही, काही नाही. क्षेत्राची बेरीज जुळेना तेव्हा दोन दिवसांनी सापडलं. त्याच पॅकेजचं एक्सपांड ग्रिड असं करत नाही. पण नाव नीट बघा, आरमध्ये मुळापासून असलेलं, मध्ये टिंब असलेलं जुनं एक्सपांड.ग्रिड वेगळं आहे. ते मजकुराचे आपोआप फॅक्टर, म्हणजे ठराविक गट, करतं.

अजून एक जुनी सवय म्हणजे दोन्हीकडे १ चा खोटा रकाना टाकून मर्ज या फंक्शनने टेबलं जोडणं. ती सोडा. बाय = नल (जोडायला सामाईक रकाना नाही) दिलं की तेच मर्ज सगळ्या जोड्या लावून देतं.

कृष्णाकाठ ताई, तुमच्याही पद्धतीत एक खड्डा आहे. ओळीतला सगळ्यात मोठा आकडा शोधणारं मॅक्स.कॉल उलट्या चिन्हाने वापरत असाल तर बरोबरी झाल्यावर ते चिठ्ठी टाकल्यासारखं कुठलंही एक उचलतं. रोज उत्तर बदलू शकतं. 'पहिलं घे' असं त्याला सांगावं लागतं.

कृष्णाकाठ
विट्याचा, हे मान्य. मी विच.मिन वापरते, ते बरोबरीत पहिलंच घेतं, त्यामुळे मला कधी आडवं आलं नाही, पण लिहायला हवं होतं.

माणदेशी, तुमच्या कामाला जोडीचं टेबल लागतं हे कबूल. पण तासगावकरांना विचारते, पुढची पायरी काय? डाऊनी शेजारच्या बागेतूनही येते. प्लॉटला प्लॉट लावणार ना?

तासगावकर
हो, तिथेच अडकलो. २ किमीच्या आतल्या बागांच्या जोड्या हव्यात. ४२,००० गुणिले ४२,००० म्हणजे १७६ कोटी ४० लाख ओळी. आरच्या डेटा फ्रेममध्ये, म्हणजे टेबलात, २१४ कोटींच्या वर ओळी बसत नाहीत, त्या हद्दीच्या आत आहे, पण एकाच रकान्याला १४ जीबी. माझ्या मशीनवर जमणारच नाही. गुणाकार आधी करा म्हणतो ते यासाठीच. पहिल्या पायरीला त्यानं हो म्हटलं, दुसरीला नाही.

माणदेशी
मग तुकडे पाडा की. एका वेळी १,००० प्लॉट घ्या, समोर सगळे ४२,०००. अंतराचा रकाना ३३६ एमबी. २ किमीच्या आतल्या ओळी ठेवा, बाकी टाका, पुढचे हजार घ्या. ४२ फेऱ्या. बाकीचे रकाने बाजूला ठेवा, फक्त क्रमांक आणि अक्षांश-रेखांश न्या.

कृष्णाकाठ
त्यानं मेमरी वाचते, काम तेवढंच राहतं. १७६ कोटी अंतरं मोजायची आणि जवळपास सगळी फेकायची. शिराळ्याजवळचा प्लॉट जतच्या प्लॉटशी कशाला ताडायचा?

जमिनीचे २ किमीचे चौकोन पाडा. आपल्या अक्षांशाला एक अंश उत्तर-दक्षिण साधारण १११ किमी, पूर्व-पश्चिम १०६ किमी. म्हणजे २ किमीच्या खाली जाऊ नये म्हणून थोडं वर धरून चौकोन ०.०१९ अंश उंच आणि तेवढाच रुंद. प्रत्येक प्लॉटला चौकोनाचा क्रमांक द्या. आता सामाईक रकाना तयार झाला, साधा जॉईन चालतो. डेटा टेबल पॅकेज वापरलंत तर ओळी फुगल्या की ते चूक दाखवून थांबेल. तिथे अलाऊ कार्टेशियन (ओळी फुगू दे) हा पर्याय जाणूनबुजून चालू करा. मला ते थांबणं आवडतं.

तासगावकर
काल फक्त पलूस तालुक्याच्या ३,१०० प्लॉटवर दोन्ही करून पाहिलं. ९६ लाख १० हजार ओळींचा सरळ क्रॉस जॉईन एकीकडे, ताईंचे चौकोन दुसरीकडे. जोड्या जुळल्या नाहीत, चौकोनांच्या कमी आल्या. रेषेच्या अल्याड-पल्याड असलेल्या दोन बागा ३०० मीटरवर असूनही वेगळ्या चौकोनात गेल्या होत्या.

कृष्णाकाठ
शेजारचे आठ चौकोन धरायचे राहिले, आणि ते सांगायचं माझ्याकडून राहिलं. एका बाजूच्या टेबलात प्रत्येक प्लॉट नऊ चौकोनांत लिहा, दुसऱ्या बाजूला एकाच. मग अंतर मोजून २ किमीच्या वरचे गाळा.

तासगावकर
केलं. आता दोन्हीकडून तंतोतंत तेवढ्याच जोड्या आल्या. पूर्ण ४२,००० साठी चौकोनच वापरतोय. पण ताई, चूक सापडली ती सरळ क्रॉस जॉईन शेजारी होता म्हणून. पलूसचा तो कोड तपासणीसाठी मी तसाच ठेवणार आहे, आणि ९० केंद्रांचाही बदलणार नाही.

कृष्णाकाठ
पलूसचा ठेवा, त्याला हरकत नाही. केंद्रांच्या बाबतीत माझं मत तेच आहे.