मिनी बायपासला सहा महिने झाले, आईने गोळ्या सोडल्या. पुढे काय पाळायचं?

कृष्णाकाठ_७
आई ५४ वर्षांची, शाकाहारी, अंडंही खात नाही. मिनी गॅस्ट्रिक बायपास (वजन उतरवण्यासाठी पोटाची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडायची शस्त्रक्रिया) होऊन सहा महिने झाले, वजन १०८ वरून ८१ वर आलं. साखर नॉर्मल आल्यावर डॉक्टरांनी मधुमेहाची गोळी थांबवली, तर त्याच झपाट्यात तिने व्हिटॅमिन आणि कॅल्शियमही सोडलं. "आता बरं वाटतंय, कशाला उगाच?" केस मात्र मुठीने गळताहेत. गुडघा दुखला की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणते. त्यात चातुर्मास, म्हणजे सोमवार आणि एकादशीला साबुदाणा. हॉस्पिटलचा आहारतक्ता तिसऱ्या महिन्यातच संपतो. जाणकारांनी सांगावं.

औषधवाला
बाकी सगळं नंतर, आधी डायक्लोफेनॅक आजच बंद करा. पोटाची नवी पिशवी जिथे आतड्याला जोडलेली असते, तिथल्या आतड्याच्या अस्तराला आम्लाची सवय नसते. वेदनाशामक गोळ्या त्या अस्तराचं संरक्षणही कमी करतात आणि त्या जोडावर अल्सर (जखम) होतो. तो रक्तस्राव करू शकतो, फुटूही शकतो. शौच डांबरासारखी काळी झाली तर थेट हॉस्पिटल गाठा. आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही सगळी त्याच घरातली. दुखलं तर पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०, दिवसाचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पण पट्टीची मागची बाजू वाचा. "पॅरासिटामॉलची गोळी" म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत अ‍ॅसिक्लोफेनॅक मिसळलेलं असतं. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ते मात्र परस्पर थांबवू नका, विचारा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हाच अल्सर जास्त दिसतो. आई मिश्री लावत असतील तर तीही सोडवा.

आता कॅल्शियम. दुकानात सहज मिळतं ते बहुतेक कार्बोनेट. ते विरघळायला आम्ल लागतं आणि तेच आता कमी आहे. सायट्रेट मागा. रोज लागतं १२०० ते १५०० मिग्रॅ, पण प्रत्यक्ष कॅल्शियम. "कॅल्शियम सायट्रेट १००० मिग्रॅ" लिहिलेल्या गोळीत कॅल्शियम जेमतेम २१० मिग्रॅ असतं, इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. एका वेळी ५०० ते ६०० च्या वर घेऊन उपयोग नाही, म्हणून दिवसातून दोन-तीनदा.

लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तास अंतर हवं. सकाळी लोह लिंबूपाण्याबरोबर, चहा त्याच्या आसपासही नको. कॅल्शियम दुपारी आणि रात्री. बायपासनंतर लोह साधारण ४५ ते ६० मिग्रॅ लागतं, साध्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये तेवढं नसतं. बी-१२ तोंडाने रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम, नाहीतर महिन्याला १००० चं इंजेक्शन. गोळ्या विसरणाऱ्या माणसाला इंजेक्शनच बरं. डी-३ रक्तातली पातळी बघून.

घट्ट_वरण
आहाराचं सांगते. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. मिनी बायपासमध्ये आतड्याचा बराच भाग वगळलेला असतो, त्यामुळे कमी पडलं तर स्नायू झिजतात, पायावर सूज येते. शाकाहारात हे नुसत्या "भरपूर डाळ खा" ने जमत नाही. वाटीभर घट्ट वरणात ६-७ ग्रॅम मिळतात, वरच्या पिवळ्या पाण्यात जवळपास काहीच नाही आणि आजारी माणसाला घरोघर तेच पाणी वाढतात. पनीर ५० ग्रॅम म्हणजे ९, कोरडे सोयाचंक्स २५ ग्रॅम म्हणजे १३, दूध २०० मिली म्हणजे ६-७, व्हे प्रोटीनचा (दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची पावडर) डाव २० ते २५ (डबा वाचा). दूध-व्हे सकाळी, दुपारी वरण आणि पनीर, रात्री सोयाची भाजी धरली तर साठीच्या आसपास पोचता. चार वाजता दह्याचा चक्का दिला की थोडी वर.

ताटात आधी पनीर किंवा उसळ, मग भाजी, राहिली जागा तर चतकोर भाकरी. घास बारीक चावून, जेवण २०-३० मिनिटांत. जेवताना पाणी नाही, आधी आणि नंतर अर्धा तास सोडून दिवसभरात दीड ते दोन लिटर घोट घोट. शेव-चिवडा आणि चहातली बिस्किटं ओलसर होऊन सहज खाली उतरतात, पोट भरल्याचं कळतच नाही. दीड-दोन वर्षांनी वजन परत चढतं त्यात यांचा हात मोठा.

उपास: साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. जास्त खाल्ला तर एक ते तीन तासांनी साखर एकदम उतरून घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. राजगिरा, दही, पनीर, दूध चालवून घ्या. दाण्याची आमटी अर्धी वाटीच, तेल भरपूर असतं. निर्जळी एकादशी नको म्हणजे नको.

बटमोगरा
केसांसाठी बायोटिन सुरू केलं तर?

घट्ट_वरण
तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात झपाट्याने वजन उतरल्यावर केस गळतातच, बहुतेकांचे परत येतात. त्यापुढेही गळत राहिले तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), झिंक आणि प्रथिनं तपासा. मोठ्या मात्रेच्या बायोटिनने थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येतात, हे वेगळंच झेंगट.

वॉर्ड_नंबर_४
"बरं वाटतंय" यावर जाऊ नका. बी-१२ चा साठा यकृतात बराच काळ पुरतो, त्यामुळे गोळी सोडली तरी लगेच काही जाणवत नाही. पायाला मुंग्या येतात तोवर नसांचं नुकसान सुरू झालेलं असतं. बी-१ चं उलट, त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांतच आटतो. सतत उलट्या होत असतील आणि कुठे सलाइन लावायची वेळ आली, तर "बायपास झालंय, ग्लुकोजच्या आधी थायमिन (म्हणजे बी-१) द्या" हे तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. चालताना झोक जाणं, दोन-दोन दिसणं, बरळणं यांपैकी काही दिसलं तर रात्र उलटू देऊ नका.

सहाव्या महिन्याच्या तपासण्या आताच करा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, बी-१२, फोलेट, डी, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम कमी पडलं की वाढणारं हार्मोन), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), लिव्हर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर). झिंक आणि कॉपर सर्जनला विचारून. नुसत्या हिमोग्लोबिनवर समाधान मानू नका, फेरिटिन त्याच्या आधी घसरतं. पुढे वर्ष भरल्यावर, मग दरवर्षी, कायम. मधुमेह परत येऊ शकतो, म्हणून गोळी बंद असली तरी एचबीए१सी आणि डोळ्यांची तपासणी सोडायची नाही. बीपीची गोळी चालू असेल आणि उठताना चक्कर येत असेल तर मात्रा कमी करावी लागेल, पण डॉक्टरांकडून.

डिस्चार्ज कार्डावर आतडं किती सेंटिमीटर वगळलं ते असतं. त्या पानाचा फोटो आईंच्याही मोबाइलमध्ये ठेवा.

कृष्णाकाठ_७
कार्डावर २०० सेंमी आहे. कॅल्शियमची जुनी पट्टी कार्बोनेटचीच निघाली. तिला कधी कधी तेलकट, तरंगणारी शौच होते, त्याचा याच्याशी संबंध?

वॉर्ड_नंबर_४
आहे. चरबी नीट पचत नाहीये, तिच्याबरोबर ए, डी, ई, के ही व्हिटॅमिनंही वाहून जातात. तळलेलं आणि दाण्याचं कूट कमी करून बघा. दिवसातून तीन-चारदा होत असेल किंवा अल्ब्युमिन कमी आलं तर वार्षिक भेटीची वाट बघू नका, रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात सर्जनकडे जा. रात्री आडवं झाल्यावर घशाशी कडू, हिरवट पाणी येत असेल तर तेही सांगा. या शस्त्रक्रियेत पित्त वर येऊ शकतं आणि नुसत्या अ‍ॅसिडिटीच्या गोळीने ते थांबत नाही.