शब्दचर्चा : ‘आयसोलेट’ करायचं, पण कोणापासून?

कळफलक :
व्हर्च्युअल मशीनच्या सुरक्षेवरच्या एका मार्गदर्शिकेचं मराठी करतोय. गेस्ट (आतलं आभासी मशीन) आणि होस्ट (ते चालवणारा खरा संगणक) तसेच ठेवले आहेत, रुळलेलेच आहेत. अडलंय ते ‘कम्युनिकेशन चॅनेल आयसोलेट करणे’ इथे. ‘संपर्कवाहिन्यांचे पृथक्करण’ चालेल का?

पारखी :
पृथक्करण नको. मराठीत त्याचा पहिला अर्थ घटक सुटे करून तपासणे. वाचकाला वाटेल, वाहिन्यांचा अभ्यास करायचाय. ‘विलग करणे’ बरं. पण त्याच्याआधी ‘कशापासून’ हे आलंच पाहिजे, नाहीतर वाक्य फसवं होतं.

व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या लिबव्हर्ट या साधनाचंच घ्या. नेटवर्कच्या व्याख्येत ‘फॉरवर्ड’ हा घटक नसला की त्याला आयसोलेटेड नेटवर्क म्हणतात. म्हणजे बाहेरचा रस्ता बंद. होस्ट मात्र त्याच ब्रिजवर (गेस्टना जोडणाऱ्या आभासी स्विचवर) स्वतःचा आयपी घेऊन बसलेला असतो. होस्टवरचं एसएसएच (दूरस्थ लॉगिनची सेवा) ०.०.०.० वर, म्हणजे सगळ्या पत्त्यांवर, ऐकत असेल आणि फायरवॉल आडवी येत नसेल, तर गेस्ट थेट तिथे पोचतो. होस्टलाही बाजूला काढायचं तर ‘आयपी’ घटकसुद्धा काढावा लागतो. मग डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारी सेवा) जातं आणि गेस्टमध्ये पत्ते हातानं भरावे लागतात.

गंमत पुढे आहे. त्याच लिबव्हर्टमध्ये इंटरफेसच्या ‘पोर्ट’ घटकाला ‘आयसोलेटेड=येस’ देता येतं. तिथे अर्थ असा की असं लावलेले गेस्ट एकमेकांशी बोलू शकत नाहीत, होस्टशी मात्र बोलतात. एकच शब्द, दोन अर्थ, आणि दोन्हीत होस्ट मोकळाच! म्हणून पहिल्याला ‘बाह्यजगापासून विलग’ आणि दुसऱ्याला ‘परस्परांपासून विलग’ असं लिहा.

जोडणीकार :
सहमत, पण ‘वाहिनी’लाही माझी हरकत आहे. लिबव्हर्टच्या एक्सएमएलमध्ये (मशीनची व्याख्या जिथे लिहितात तिथे) ‘चॅनेल’ हा ठरावीक घटक आहे, बहुधा व्हर्टिओ-सिरीयल या आभासी सिरीयल जोडणीवरचा. गेस्ट एजंट (गेस्टच्या आत राहून होस्टच्या विनंत्या पाळणारा प्रोग्राम) आणि स्पाइस या दूरस्थ-पडदा प्रणालीचा एजंट त्यावरून चालतात. तुमच्या मार्गदर्शिकेत मात्र व्हीसॉक (होस्ट-गेस्टमधली थेट सॉकेट जोडणी), शेअर्ड फोल्डर, क्लिपबोर्ड सगळंच येणार. त्या घटकाला ‘चॅनेल’च म्हणा आणि सगळ्यांना मिळून ‘संपर्कमार्ग’.

व्हीसॉक विसरू नका. त्यात आयपी पत्ता नसतो, सीआयडी नावाचा क्रमांक असतो. होस्टचा नेहमी २. आयपीटेबल्स या लिनक्स फायरवॉलचे नियम त्याला लागूच होत नाहीत. नेटवर्क कार्ड काढून ‘गेस्ट पूर्ण विलग’ असं लिहिलं आणि एक्सएमएलमध्ये व्हीसॉकचं उपकरण राहिलं, तर होस्टवर त्यावर ऐकणाऱ्या सेवेपर्यंत वाट उघडीच आहे.

कळफलक :
‘डिसेबल’ आणि ‘रिमूव्ह’ दोन्हींसाठी मी ‘बंद करणे’ वापरलंय. चालेल?

पारखी :
अजिबात नाही. २०१५ चा व्हेनम हा सुरक्षा-दोष आठवा. तो क्यूईएमयू या गेस्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या फ्लॉपी कंट्रोलरमध्ये होता, आणि झेन (अशीच दुसरी प्रणाली) व क्यूईएमयूवर फ्लॉपी ड्राइव्ह ‘बंद’ केला तरी कंट्रोलरचा सदोष कोड जिवंतच राहत होता. स्पाइसमध्ये ‘कॉपीपेस्ट=नो’ हे बंद करणं; चॅनेलचा घटकच खोडणं हे काढून टाकणं.

जोडणीकार :
आणि ‘रीस्टार्ट करा’ असं मोघम लिहू नका, लोक हमखास इथेच फसतात. ‘व्हर्श एडिट’ या लिबव्हर्टच्या आदेशानं चॅनेल काढला तरी बदल जतन व्याख्येत होतो, चालू मशीनमध्ये नाही. गेस्टच्या आतून रीबूट केलं तर क्यूईएमयूची प्रक्रिया तीच राहते, चॅनेलही तसाच. त्यामुळे ‘गेस्ट पूर्ण शटडाउन करा, मग होस्टवरून पुन्हा सुरू करा’ असं लिहा. तपासायला लिनक्स गेस्टमध्ये ‘/dev/virtio-ports’ बघायचं. तिथे एजंटचं नाव दिसायला नको.

एजंट गेल्यावर काय अडेल तेही सांगा, नाहीतर कोणीतरी तो परत जोडेल. फाइलप्रणाली गोठवून घेतलेला स्नॅपशॉट जमणार नाही. शटडाउनला अडचण नाही, ते एसीपीआयवरून, म्हणजे पॉवर बटणासारख्या संकेतानं, होतं.

कळफलक :
मग वाक्य असं : ‘होस्टला गेस्टपासून विलग करण्यासाठी नको असलेले संपर्कमार्ग काढून टाका.’

पारखी :
बरोबर, आणि क्रम उलटू देऊ नका. ‘गेस्टला होस्टपासून’ लिहिलंत तर ते आश्वासन खोटं ठरेल. चॅनेल काढले तरी होस्ट गेस्टची मेमरी वाचू शकतो. ते अडवायचं तर एएमडीचं एसईव्ही किंवा इंटेलचं टीडीएक्स यांसारखं मेमरी-एन्क्रिप्शन लागतं. तुमच्या मार्गदर्शिकेत ते प्रकरण वेगळं असेल तर तिथेच उलटा क्रम वापरा.