मदत हवी आहे : शासकीय संकेतस्थळांसाठी सुगम्यतेचे कोणते निकष अनिवार्य असावेत?

नमस्कार.

नागपुरातील आम्ही काही जण शासनाला देण्यासाठी एक निवेदन तयार करत आहोत. गटात दृष्टिहीन आणि कर्णबधिर सदस्य आहेत, तसेच माझ्यासारखे संकेतस्थळे बांधण्याचा व्यवसाय करणारेही आहेत. मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे आणि एका प्रश्नावर तो अडला आहे. सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांनाही संकेतस्थळ वापरता यावे याच्या, असंख्य अपेक्षांपैकी नेमक्या कोणत्या अपेक्षा शासकीय मानकात सक्तीच्या म्हणून घालाव्यात, आणि कोणत्या केवळ शिफारस म्हणून ठेवाव्यात?

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये आला. त्याखालील 2017 च्या नियमांतील नियम 15 ने शासकीय संकेतस्थळांना केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांचा दाखला दिला. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नियम 15 चा पहिला पोटनियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कायद्याला सक्तीची मानके अपेक्षित असताना नियमाने केवळ सल्लावजा तत्त्वांकडे बोट दाखवले, हे त्यामागचे कारण होते. ज्यात तडजोड नाही असा किमान भाग वेगळा काढून तो नियमांत घालावा, असे न्यायालयाने सांगितले. हा किमान भाग कोणता, हाच आमचा प्रश्न आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर वेब सुगम्यतेचे निकष (डब्ल्यूसीएजी) ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा तीन चढत्या स्तरांत विभागलेले आहेत. 2018 च्या 2.1 आवृत्तीत पहिल्या दोन स्तरांचे मिळून 50 निकष होतात. गटातील काहींचे मत असे की, 50 निकष कोणतेही कार्यालय पाळणार नाही, त्यामुळे त्यांतील दहा-बारा महत्त्वाचे निवडून तेवढेच सक्तीचे करावेत. मला हे पटत नाही. निवडीची मुभा दिली की सोपे तेवढे निवडले जाते. अक्षर लहानमोठे करण्याची तीन बटणे पानाच्या माथ्यावर बसवायची आणि सुगम्यता झाली असे मानायचे, हा प्रकार आपण सर्वांनी पाहिलेला आहे.

एक उदाहरण जवळून पाहिलेले आहे. आमच्या गटातील एक दृष्टिहीन सदस्य एका शासकीय कार्यालयाचा अर्ज भरत असताना मी शेजारी बसलो होतो. टॅब कळ दाबत ते नाव, पत्ता, तालुका या रकान्यांतून व्यवस्थित पुढे गेले. जन्मतारखेच्या रकान्यात मात्र टंकलेखनच बंद केलेले होते. तारीख फक्त माऊसने दिनदर्शिका उघडून निवडता येत होती. चित्रांचे वर्णन करणारा पर्यायी मजकूर, रंगांतील फरक, शीर्षकांची रचना हे सारे त्या पानावर बऱ्यापैकी ठीक होते, पण अर्ज तिथेच थांबला आणि शेवटी त्यांना सीताबर्डीला जाऊन दुसऱ्याच्या हातून तो भरून घ्यावा लागला. सर्व काम कीबोर्डने करता आले पाहिजे, हा निकष ए स्तराचा, म्हणजे सर्वांत प्राथमिक आहे. दहा-बारांच्या यादीतून असा एखादा निकष सुटला, तर उरलेले पाळूनही काम होत नाही.

म्हणून ए आणि डबल ए हे दोन्ही स्तर पूर्णपणे सक्तीचे असावेत, असे मी मसुद्यात लिहिले आहे. केंद्राच्या संकेतस्थळविषयक मार्गदर्शक तत्त्वांची 2023 ची आवृत्तीही 2.1 च्या डबल ए स्तरावरच आधारलेली आहे, त्यामुळे ही मागणी नवखी नाही. ट्रिपल ए सरसकट सक्तीचा करू नये हेही मला मान्य आहे, कारण काही मजकुराच्या बाबतीत तो पाळणे शक्यच नसते आणि निकष लिहिणाऱ्यांनीच तसे नमूद केलेले आहे. तरीही पुढील बाबींवर मला जाणकारांचे मत हवे आहे.

ध्वनिचित्रफितींना सांकेतिक भाषेतील अनुवाद देणे ट्रिपल ए मध्ये येते. गटातील कर्णबधिर सदस्यांचे म्हणणे असे की, ज्यांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे त्यांना मराठी उपशीर्षके पुरत नाहीत. पूर, उष्णतेची लाट, साथीचे रोग यांविषयीच्या सूचनांपुरता हा निकष सक्तीचा करावा, असे मला वाटते. विदर्भातील उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही. परंतु एखाद्या स्तरातून एकच निकष असा उचलता येतो का?

शासकीय भाषा सोपी असावी ही अपेक्षा मला मनापासून मान्य आहे. पण तपासणारे दोन वेगळे अधिकारी एकाच पानाविषयी एकाच निष्कर्षाला येणार नसतील, तर ती सक्तीच्या यादीत ठेवून उपयोग काय? मराठीत सोपेपणा कशाने मोजावा?

अक्षरांतील अंतराचा निकष डबल ए मध्ये आहे. वाचकाने अक्षरांमधील अंतर वाढवले तरी मजकूर कापला जाऊ नये, असा त्याचा आशय आहे. देवनागरीत हे अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. ज्या लिपीत अंतराचा एखादा प्रकार वापरला जात नाही तिला या निकषात त्यापुरती सूट आहे. मग मराठी पानांसाठी ओळींतील आणि शब्दांतील अंतर तेवढे तपासावे, असे मानकात स्पष्ट लिहावे का?

शेवटची बाब मला सर्वांत गंभीर वाटते. कृतिदेवसारख्या जुन्या टंकात (फॉन्टमध्ये) तयार केलेले परिपत्रक पडद्यावर शुद्ध मराठी दिसते, पण आतली अक्षरे इंग्रजी असतात. ‘महाराष्ट्र’ हा शब्द स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या, वाट्याला ‘ई, जी, के, जे, के’ असा सुरू होतो. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीतच, असावा, अशी स्वतंत्र अट मराठीसाठी घालावी का, की ती उपलब्ध निकषांतच बसते?

प्रतिसाद

मी स्वतः स्क्रीन रीडर वापरतो, म्हणून शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. निकषांतील ‘मजकूर’ या संज्ञेच्या व्याख्येनुसार अक्षरांचा क्रम एखाद्या मानवी भाषेत काही व्यक्त करणारा असला पाहिजे. जुन्या टंकातील परिपत्रक या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे ते चित्रासारखे धरले जाऊन पर्यायी मजकुराच्या पहिल्याच निकषावर नापास ठरायला हवे. प्रत्यक्षात स्वयंचलित तपासणीला तिथे अक्षरे सापडतात आणि ती पुढे जाते. म्हणून युनिकोडची अट वेगळी लिहाच, आणि तिच्यासोबत पानाची भाषा मराठी असल्याची नोंद पानाच्या कोडमध्ये असण्याचा ए स्तराचा निकषही ठळकपणे मांडा. ती नोंद नसली तर उच्चार करणारा आवाज चुकीच्या भाषेचा लागू शकतो.

दुसरे असे की, नियमात आवृत्तीचा क्रमांक कोरून ठेवू नका. अमेरिकेत केंद्रीय शासनाच्या संकेतस्थळांना सुगम्यता बंधनकारक करणाऱ्या कलम 508 ची 2001 मध्ये लागू झालेली मानके 2017 पर्यंत बदलली गेली नाहीत, आणि मधल्या काळात मोबाईलने सारे वेब बदलून टाकले होते. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचे आयएस 17802 हे डिजिटल सुगम्यतेचे मानक उपलब्ध आहे. त्याच्या अद्ययावत आवृत्तीचा दाखला दिला तर नियम न बदलताही निकष पुढे जात राहतील. 2023 च्या 2.2 आवृत्तीत लॉगिन करताना स्मरणशक्तीची परीक्षा घेऊ नये, असा डबल ए निकष आला आहे. पासवर्ड आणि ओटीपीचे रकाने नक्कल केलेला मजकूर चिकटवू देत नाहीत, अशा पानांसाठी तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

सांकेतिक भाषेबाबत तुमची मागणी योग्य आहे. फक्त ‘ट्रिपल ए मधून उचललेला निकष’ अशी ती मांडू नका. आपत्तीविषयक सूचनांसाठी स्वतंत्र अट म्हणून लिहा, म्हणजे स्तरांचा वाद उद्भवणार नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. युनिकोड आणि सांकेतिक भाषा यांसाठी स्वतंत्र कलमे करतो. आयएस 17802 च्या दाखल्याबाबत गटात चर्चा घडवून आणतो, कारण ‘अद्ययावत आवृत्ती’ असे लिहिल्यास निविदा निघाल्यानंतर मानक बदलले तर कंत्राटदाराने कोणती आवृत्ती पाळायची, हा प्रश्न उभा राहील. निविदेच्या तारखेला लागू असलेली आवृत्ती, अधिक तीन वर्षांत नव्या आवृत्तीत रूपांतर, अशी तरतूद सुचवावी असे सध्या मनात आहे. शासकीय निविदांचा अनुभव असलेल्या कोणी हा कालावधी वाजवी आहे का ते सांगितले, आणि सोप्या भाषेच्या मोजमापाविषयी कोणी काही सुचवले, तर मसुदा पूर्ण करता येईल.